ज्याच्यावर विसंबावं, तो अमीन

मैत्रिणींनो, इमान, इमानदार, बेइमान, अनामत हे शब्द आपण दिवसातून किती वेळा वापरतो, याचा कधी विचार केलाय? दूधवाला इमानानं दूध घालतो की पाणी, या शंकेनंच अनेकींची सकाळ सुरू होते. लग्नाचं कार्यालय ठरवायला गेलं की आधी अनामत भरा म्हणतात. निवडणुकीला उभी राहिलेली बाई पडली, तरी अनामत वाचली यात समाधान मानते. आणि कुत्र्याच्या इमानाची गोष्ट सांगितली नाही असं घर तर शोधूनच सापडेल. हे सगळे शब्द एकाच घराण्यातले आहेत. त्याच घराण्यात मुलाचं एक साधं, दोन-तीन अक्षरी नाव आहे. अमीन.

या नावाच्या मागे मी लागले त्याला कारण झाल्या आमच्या बचत गटातल्या एक चाची. त्यांची सून बाळंत झाली, मुलगा झाला. सातव्या दिवशी अकीका, म्हणजे मुलाचं नाव त्याच्या आत ठरायला हवं. चाचींच्या मनात त्यांच्या सासऱ्यांचं नाव होतं, अमीन. पण पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा तयार नव्हता. त्याचं म्हणणं, नाव असं ठेवा की ऐकल्यावर कुणाला घर, जात, धर्म काही कळायला नको. त्याला स्वतःला खोली शोधताना अनुभव आला होता. फोनवर भाडं ठरायचं, अनामत ठरायची, कधी येता म्हणून विचारणा व्हायची. पूर्ण नाव सांगितलं की पलीकडचा आवाज बदलायचा, 'कळवतो' म्हणायचा आणि मग काही कळवायचा नाही. एकदा नव्हे, तीनदा असं झालं. "मला जे झालं ते माझ्या पोराला नको," एवढंच तो म्हणत होता. बापाचं काळीज आहे, त्यात चुकीचं काय?

चाची माझ्याकडे आल्या त्या सल्ला मागायला नव्हेत. म्हणाल्या, "ताई, नाव ठेवायचं की नाही ते आम्ही घरात बघू. पण तुम्ही कॉलेज शिकलेल्या. या नावाचा अर्थ काय, ते आलं कुठून, ते मला एकदा नीट सांगा. ज्याला विचारावं तो 'अच्छा नाम है' एवढंच बोलतो."

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, अरबी काही शिकले नव्हते. पण आपल्या गावच्या वाचनालयात जुनी कपाटं असतात आणि त्यात खजिना असतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मिळाला. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ सालची, आणि कुठला शब्द संस्कृत, कुठला फार्शी, कुठला अरबी याची खूण त्यात केलेली असते. माधव जूलियन यांचा १९२५ सालचा फार्शी-मराठी कोशही मिळाला. अरबी जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी उरलेलं समजावून दिलं. जे कळलं ते चाचींना सांगितलं, आणि आता तुम्हालाही सांगते.

पीठ एक, चकत्या अनेक

दिवाळीत आपण सोऱ्या काढतो. आत पीठ भरतो. चकती बदलली की शेव, चकती बदलली की चकली. अरबी भाषा अगदी याच पद्धतीनं चालते. तीन व्यंजनांचा धातू म्हणजे पीठ. तो वेगवेगळ्या साच्यांत घातला की वेगवेगळे शब्द बाहेर पडतात.

आपल्या नावाचा धातू आहे अ-म-न. त्याचा अर्थ सुरक्षित असणं, निर्धास्त असणं, विसंबून राहता येणं. याच पिठातून 'अमन' निघाला. त्याचा अरबीतला अर्थ अभय, सुरक्षितता; आपण अमनचैन म्हणतो तेव्हा तो थोडा शांततेकडे झुकतो. 'ईमान' निघाला, म्हणजे श्रद्धा. मराठीत येता येता त्याचा अर्थ प्रामाणिकपणा, निष्ठा असा झाला. 'अमानत' निघाला, म्हणजे विश्वासानं दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू. आपल्या तोंडी त्यातल्या अक्षरांची अदलाबदल होऊन 'अनामत' झालं. भिवंडी-मालेगावकडच्या विणकरांमध्ये 'मोमीन' हे आडनाव आढळतं. मोमीन म्हणजे ईमान बाळगणारा. तोही याच पिठाचा. अरबीत विम्याला 'तामीन' म्हणतात, म्हणजे एल.आय.सी.च्या पॉलिसीपर्यंत हा धातू पोचला म्हणा ना!

अमीन ज्या साच्यातून आलाय तो साचा तर आपल्या फारच ओळखीचा आहे. करीम, रहीम, सलीम, हमीद, रशीद, हबीब ही नावं म्हणून बघा. सगळ्यांची चाल एकच. पहिलं अक्षर ऱ्हस्व, मधे लांब 'ई'. एखादा गुण अंगात मुरलेला माणूस दाखवायचा असला की हा साचा येतो. आणि फक्त नावंच कशाला? वकील, गरीब, फकीर, हकीम, नसीब हे आपले रोजचे मराठी शब्द त्याच साच्यातले आहेत. वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपवलं तो. गरीब म्हणजे मुळात परका, परमुलखातला माणूस. आपल्याकडे येईपर्यंत तो पैशानं गरीब झाला. आणि रहीममधला 'दया' हा अर्थ ज्या धातूतून येतो, त्याच धातूतून अरबीत आईच्या गर्भाशयाचं नाव येतं. आहे की नाही गंमत?

तेव्हा अमीन म्हणजे विश्वासू, ज्याच्यावर विसंबावं असा, ज्याच्या हाती ठेव सुखरूप राहील असा. कधीकधी 'सुरक्षित' असाही अर्थ होतो. कुराणात मक्का शहराला हेच विशेषण लावलं आहे, तिथे ते सुरक्षित नगर या अर्थानं येतं. आणि देवाचा संदेश आणणाऱ्या देवदूतासाठीही अमीन हाच शब्द येतो, कारण निरोप जसाच्या तसा पोचवणारा तोच खरा विश्वासू.

आमिनाचा मुलगा आणि खदीजाची पारख

या नावाला जी प्रतिष्ठा मिळाली ती महंमद पैगंबरांमुळे. त्यांच्या चरित्रकारांनी असं नोंदवलं आहे की पैगंबर होण्याच्या कितीतरी आधी, तरुणपणीच मक्केतले लोक त्यांना 'अल्-अमीन' म्हणत. हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. गावानं दिलेलं होतं. गंमत बघा, त्यांच्या आईचं नाव आमिना. हेही अ-म-न याच धातूतलं, अर्थ सुरक्षित, निर्धास्त. पोरगा सहा वर्षांचा असताना ती माउली गेली. वडील तर जन्माच्या आधीच गेलेले. असा पोरका मुलगा मोठा होतो आणि अख्खं गाव त्याला विश्वासू म्हणून ओळखतं.

पण ही ओळख कुणी पारखली? एका बाईनं. खदीजा ही मक्केतली विधवा, स्वतःचा व्यापार असलेली. तिचा माल उंटांच्या काफिल्यातून शामला, म्हणजे आजच्या सीरियाच्या बाजूला जायचा. बाई स्वतः काफिल्याबरोबर जात नसे, त्यामुळे भरवशाचा माणूस नेमावा लागे. आपल्यातली जी कुणी पापड-लोणच्याचा माल दुसऱ्याच्या हाती देऊन शहरात विकायला पाठवते, तिला हे दुखणं सांगायला नको. माल किती गेला, कितीला विकला, आलेला पैसा पूर्ण आला का? सगळं दुसऱ्याच्या जिभेवर. खदीजानं या तरुणाच्या सचोटीबद्दल ऐकलं आणि माल त्याच्या हाती दिला. बरोबर मैसरा नावाचा आपला नोकरही धाडला. विश्वास ठेवला, पण डोळे उघडे ठेवून! व्यापार चांगला झाला, हिशेब चोख आला, नोकरानंही प्रवासातली वागणूक सांगितली. पुढे तिनंच नफीसा नावाच्या मैत्रिणीकरवी लग्नाचा विषय काढला. परंपरेप्रमाणे तेव्हा तिचं वय चाळीस आणि त्यांचं पंचवीस होतं.

अशीच दुसरी कथा काबा मंदिराच्या पुनर्बांधणीची, साधारण सन ६०५ची. काळा पवित्र दगड जागेवर बसवायचा मान कुणाचा, यावरून मक्केतल्या कुळांमध्ये तलवारी निघायची वेळ आली. शेवटी ठरलं, आता दारातून जो पहिला आत येईल त्याचा निवाडा मानायचा. आत आले ते महंमद. हा तर अमीन, आम्हाला मान्य, असं सगळे म्हणाले. त्यांनी एक चादर अंथरली, दगड मधोमध ठेवला, प्रत्येक कुळाच्या प्रमुखाला चादरीची एकेक बाजू धरायला लावली. दगड सगळ्यांनी मिळून उचलला, आणि जागेवर त्यांनी बसवला. भांडण तिथंच मिटलं. आपल्याकडे देवीची पालखी कुणी आधी उचलायची यावरून गावोगाव काय काय होतं ते आठवा, म्हणजे हे किती अवघड होतं ते कळेल.

मला सगळ्यात भिडलेली गोष्ट मात्र पुढची आहे. सन ६२२मध्ये मक्केत जिवाला धोका झाला आणि त्यांना मदिनेला निघून जावं लागलं. तेव्हाही मक्केतल्या लोकांच्या ठेवी त्यांच्याकडे होत्या. विरोध करणाऱ्या गावातल्याच लोकांच्या ठेवी! त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी अली या चुलतभावाला मागे ठेवलं, असं परंपरा सांगते. पटत नाही तो माणूस, पण पैसा ठेवायचा तर त्याच्याकडेच. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक कुठलं असणार?

कुराणात मूसाच्या, म्हणजे मोझेसच्या कथेतही हा शब्द एका मुलीच्याच तोंडी आला आहे. मदयन गावच्या विहिरीवर दोन बहिणी आपल्या गुरांना पाणी पाजायला खोळंबून उभ्या असतात. पुरुषांची गर्दी हटत नाही. परमुलखातून आलेला मूसा त्यांना मदत करतो. घरी गेल्यावर त्यातली एक वडिलांना सुचवते की या माणसाला कामावर ठेवा, तो अंगानं सशक्त आहे आणि अमीन आहे. कामाला माणूस ठेवताना अंगात बळ हवं आणि मनात इमान हवं. आजही शेतावर गडी ठेवताना घरची बाई हेच दोन्ही बघते ना?

नाव ठेवलं म्हणून माणूस तसा होतो का?

हा प्रश्न मला चाचींनी विचारला नाही, पण माझ्याच मनात आला. इतिहास सांगतो, नाही होत.

बगदादचा खलिफा हारून अल्-रशीद तुम्हाला 'अरबी रात्रीं'च्या गोष्टींतून माहीत असेल. त्याला झुबेदा या राणीपासून झालेला मुलगा राज्यावर आला तो 'अल्-अमीन' या नावानं. सावत्र भाऊ होता 'अल्-मामून'. मामून म्हणजेही विश्वासपात्र, धातू तोच! बापानं सन ८०२मध्ये दोघांकडून करार लिहून घेतला, आधी एक, मग दुसरा गादीवर येईल असा, आणि ते कागद मक्केला काबामध्ये ठेवले. यापेक्षा पवित्र तिजोरी कुठली? तरी बाप गेल्यावर अमीननं भावाला डावलून आपल्या मुलाचं नाव पुढे केलं. युद्ध पेटलं, बगदादला वेढा पडला आणि ८१३मध्ये अमीन मारला गेला. नावात विश्वास, आणि मोडला तोही विश्वासच. त्याच्या आईचं, झुबेदाचं नाव मात्र आजही आदरानं घेतात. मक्केच्या यात्रेकरूंसाठी तिनं पाण्याची सोय केली, आणि इराकहून मक्केला जाणारी यात्रेची वाट अजूनही 'दरब झुबेदा' म्हणून ओळखली जाते.

आपल्या आठवणीतला काळ घ्यायचा तर युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन. त्यानं १९७२मध्ये पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिलेल्या आशियाई लोकांना, त्यात आपले गुजराती बांधव मोठ्या संख्येनं होते, नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. दुकानं, घरं, सगळं तिथंच सोडून माणसं एकेक बॅग घेऊन निघाली. त्या घरांमधल्या बायकांना या नावाचा अर्थ कुणी सांगितला असता तर त्या काय म्हणाल्या असत्या?

पण एका माणसानं नाव बुडवत नाही. आफ्रिकेच्याच पश्चिमेकडे अल्-अमीनचं 'लामीन' झालं आहे. गांबियात तर पहिल्या मुलाचं नाव लामीन ठेवायची मोठी चाल आहे. तुर्कस्तानात ते 'एमीन' आणि मुलींसाठी 'एमिने' होतं. जिथं गेलं तिथल्या भाषेनं त्याला आपल्या वळणाचं करून घेतलं, जसं आपण अमानतचं अनामत केलं.

आणि हे पदाचंही नाव झालं. मोगल काळात जमिनीचा सारा ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला अमीन म्हणत. कंपनी सरकारच्या न्यायखात्यात 'सदर अमीन' असे. बिहार-उत्तर प्रदेशात जमीन मोजणारा माणूस आजही अमीनच. गुजरातेत पाटीदारांमध्ये अमीन आडनाव आहे, ते या जुन्या पदावरूनच. जमीन मोजणारा विश्वासू नसेल तर काय होतं, हे बांधावरच्या भांडणांत आयुष्य गेलेल्या घरांना विचारा. संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासचिवालाही अरबीत 'अमीन' म्हणतात, पुढे फक्त सार्वजनिक अशा अर्थाचा शब्द जोडतात.

तीन प्रार्थनास्थळं, एक शब्द

आता एक बारीक पण महत्त्वाचा फरक. 'अमीन' आणि 'आमीन' हे दोन वेगळे शब्द आहेत. नमाजात, दुआ झाल्यावर म्हणतात ते आमीन, पहिला 'आ' लांब. अर्थ 'असंच होवो'. ते नाव नव्हे. तो शब्द हिब्रू भाषेतल्या 'आमेन'चा भाऊ. वसईच्या चर्चमध्ये, गोव्याच्या इगर्जीत प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हणतात. आपल्या अलिबाग-रायगडकडचे मराठी बोलणारे बेने इस्राएली लोकही सिनेगॉगमध्ये आमेन म्हणतात. अरबी आणि हिब्रू या सख्ख्या बहिणी, अ-म-न हा धातू दोघींच्या माहेरचा.

आणि हिब्रूमध्ये त्याच धातूतून आलेला एक शब्द ऐकून मी थांबलेच. 'ओमेनेत'. अर्थ बाळाला सांभाळणारी बाई, दाई. बायबलमध्ये रूथची कथा आहे. तिची सासू नाओमी, नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली. सुनेला मूल होतं तेव्हा ते नाओमी मांडीवर घेते आणि त्याची ओमेनेत होते. म्हणजे श्रद्धा, इमान, अनामत हे मोठमोठे शब्द ज्या कुळातले, त्याच कुळात एका आजीची मांडीही आहे. मूल जिथं निर्धास्त झोपतं ती जागा.

हे मी चाचींच्या घरी सांगितलं तेव्हा बाळ त्यांच्याच मांडीवर होतं. त्यांनी काही न बोलता पदर सारखा केला. मग सासऱ्यांविषयी बोलू लागल्या. एस.टी. स्टँडजवळ त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. खेड्यातून आलेली माणसं बाजार करेपर्यंत पिशव्या तिथं ठेवायची. माहेरी निघालेल्या बायका घराची किल्ली ठेवायच्या. दवाखान्यासाठी जमवलेले पैसे एकदा एक म्हातारा ठेवून गेला आणि चार महिने आला नाही. पैसे त्याच फडक्यात, त्याच गाठीत त्याला परत मिळाले. "लोक नाव घेऊन थोडंच विश्वास ठेवायचे? विश्वास होता म्हणून नाव लक्षात राहिलं," चाची म्हणाल्या.

मुलगा पुण्याहून आला होता. तो खाली मान घालून ऐकत होता. त्याच्या भीतीला उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि उगाच 'काही होत नाही' म्हणण्याचा मला अधिकारही नव्हता. ज्याला दारातून परत पाठवलं जातं, त्यालाच ते माहीत. बोलली ती त्याची बायको, आठवड्याची बाळंतीण. म्हणाली, "आपण याला नाव लपवायला शिकवलं तर तो पहिला शब्द भीतीचाच शिकेल. अमन त्याच्या नावात आहे, ते मी काढून घेणार नाही." तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मग शाळेत आडनावासकट पूर्ण नाव लावा. अर्धवट नको." अकीक्याच्या दिवशी नाव अमीन ठरलं. खोली मिळण्याचा प्रश्न सुटला असं नाही. तो घरमालकांनी सोडवायचा आहे, सात दिवसांच्या बाळानं नव्हे.

रेडिओतला आवाज

या नावाचा एक माणूस आपल्या सगळ्यांच्या घरी येऊन गेलाय. अमीन सायानी. १९३२मध्ये मुंबईत जन्मले, २०२४च्या फेब्रुवारीत गेले. १९५२मध्ये रेडिओ सिलोनवर त्यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठला गल्लीगल्लीत तोच आवाज घुमायचा. माझी आई सांगते, त्या वेळी भाकरी थापतानाही हात हळू चालायचा. श्रोत्यांना साद घालताना ते आधी बहिणींना हाक मारायचे, मग भावांना. आपल्या पिढीतल्या कितीतरी बायकांना ते तेवढ्यासाठीच आवडायचे!

त्यांच्या आई कुलसुम सायानी. प्रौढ साक्षरतेचं काम करणाऱ्या, गांधीजींच्या प्रेरणेनं नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचं पाक्षिक काढणाऱ्या. ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत निघायचं, भाषा मात्र साधी, बोलण्यातली. लहानपणी अमीनही त्या कामात आईला मदत करायचे. सगळ्यांना समजेल असं बोलायची शिकवण त्यांना तिथंच मिळाली. ऐकणाऱ्यानं ज्या आवाजावर विसंबावं तो आवाज असा घडला. पुन्हा एकदा, मागे उभी एक आई.

नोंद करताना

आता थोडं कामाचं. हे नाव ठेवणार असाल तर देवनागरीत 'अमीन' असं लिहा, 'मी' दीर्घ. 'आमीन' लिहिलंत तर प्रार्थनेतला शब्द होईल. मुलींच्या नावातही हाच घोळ होतो. 'आमिना' म्हणजे सुरक्षित, निर्धास्त, आणि 'अमीना' म्हणजे विश्वासू. दोन्ही सुंदर, पण नावं वेगळी. वकीलचं वकिलाला, गरीबचं गरिबाला होतं, तसं विशेषनामाचं करू नका. अमीनला, अमीनचं असंच राहू द्या. इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी करतात. एक ठरवा आणि जन्मदाखला, आधार, शाळा सगळीकडे तेच ठेवा. पुढे कागद जुळवताना किती चपला झिजतात ते आमच्या गटातल्या बायकांना विचारा.

जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. तेव्हा नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका. नाव नंतर भरता येतं, बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशापासून अनेक ठिकाणी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा धरला जातो, त्यामुळे तो जपून ठेवा. मूल कुठल्याही घरातलं असो, हे सगळ्यांनाच लागू आहे.

शेवटी एक सांगते. अरबीत संस्थेच्या खजिनदाराला 'अमीन अस्-सुंदूक' म्हणतात. सुंदूक म्हणजे आपली संदूक. पैशाची पेटी सांभाळणारा तो विश्वासू. खजिनदार बाई असली तर 'अमीना'. आपल्या प्रत्येक गावात अशी एक तरी बाई आहे. गटाची पेटी तिच्याकडे, पासबुकं तिच्याकडे, शेजारणीच्या बांगड्याही कधी तिच्याच कपाटात. भावकीत भांडण झालं तरी हिशेबाच्या वहीला धक्का लागत नाही. तिचं नाव सुमन असेल, शकुंतला असेल, नाहीतर झरीना असेल. अमीन हे नाव आपण आपल्याला लावून घ्यायचं नसतंच, ते दुसऱ्यांनी म्हणायचं असतं. तुमच्या गावातल्या अशा बाईला तुम्ही हे कधी म्हणालात का? नसाल, तर या महिन्याच्या मीटिंगला म्हणून टाका.